अमेरिकेत म्युझिक एज्युकेशनच्या मास्टर्ससाठी अर्ज: पुण्यातल्या संगीतशिक्षकांसाठी कामांचा क्रम

विशारद झालेली, पाच-सात वर्षं घरी किंवा शाळेत क्लास घेणारी व्यक्ती ऑक्टोबरमध्ये निबंध लिहायला बसते. नोव्हेंबरमध्ये ट्रान्स्क्रिप्टसाठी धावपळ सुरू होते. १ डिसेंबरची मुदत समोर आली की मैफलीचं जुनं रेकॉर्डिंग जोडून अर्ज पाठवला जातो. गाणं चांगलं असूनही असा अर्ज कच्चा राहतो, कारण त्यात गायक दिसतो, शिक्षक दिसत नाही. म्युझिक एज्युकेशनचा विभाग शिक्षक निवडायला बसलेला असतो.

म्हणून दोन गोष्टी धरून चालायचं. जी कामं दुसऱ्यांच्या हातात आहेत, म्हणजे विद्यापीठ, गुरुजी, पालक, बँक, ती आधी सुरू करायची आणि स्वतःच्या हातातली नंतर. दुसरी गोष्ट, तुम्ही शिकवता कसे याचा पुरावा सगळ्यात आधी गोळा करायचा. पुढचा क्रम पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी आहे. सुरुवात फेब्रुवारीत करायची.

## टप्पा १: अभ्यासक्रम ओळखा (फेब्रुवारी ते एप्रिल)

मास्टर ऑफ म्युझिक एज्युकेशन, मास्टर ऑफ म्युझिक इन म्युझिक एज्युकेशन, एम.ए. इन म्युझिक एज्युकेशन ही नावं ऐकायला एकच वाटतात, पण नावावरून काहीच ठरत नाही. अभ्यासक्रमाचं पान शेवटपर्यंत वाचून तो अभ्यासक्रम पुढच्यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवा.

काही अभ्यासक्रम तिथल्या शाळांमध्ये आधीच नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी असतात. ते संगीतशिक्षणातली पदवी, राज्याचा शिक्षक-परवाना आणि बऱ्याचदा एक-दोन वर्षांचा शालेय अनुभव मागतात. आपल्याकडचा अनुभव चालेल का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. काहींमध्ये पदवीबरोबर पहिला परवाना मिळतो. त्यांना वेळ जास्त लागतो, कारण शाळेतलं प्रत्यक्ष अध्यापन सक्तीचं असतं. तिसरा प्रकार संशोधन आणि अध्यापनशास्त्राकडे झुकलेला असतो, त्यात परवान्याची अट नसते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजसारख्या ठिकाणी संगीत आणि संगीतशिक्षणाचा एम.ए. आहे, तिथल्या पानापासून वाचायला सुरुवात केली तर शब्दांची ओळख होते. चौथा प्रकार फक्त उन्हाळी सत्रांचा किंवा पूर्ण ऑनलाइन.

सावधान: चौथा प्रकार खर्चाला हलका दिसतो आणि अनेकजण तिथेच अडकतात. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी एफ-वन विद्यार्थी व्हिसा मिळत नाही आणि नोकरदार शिक्षकांसाठीच्या उन्हाळी सत्रांवरही तो मिळेल असं धरू नका. घरी बसून शिकायचं असेल तर ऑनलाइन ठीक. अमेरिकेत जायचं असेल तर निवासी आणि पूर्णवेळ अभ्यासक्रमच शोधा.

दहा-बारा नावं निघाली की प्रत्येक विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला छोटं ईमेल करा. त्यात चारच प्रश्न असू द्या. माझी पदवी तीन वर्षांची आहे (किंवा तीन अधिक दोन), ती पात्र ठरते का? परवाना नसलेला परदेशी विद्यार्थी चालतो का? रेकॉर्डिंगमध्ये हिंदुस्थानी संगीत स्वीकारता का? पूर्णवेळ विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप (विभागात काम करून मिळणारी शुल्कमाफी आणि विद्यावेतन) मिळते का? स्वतःची सांगीतिक वाटचाल या ईमेलमध्ये लिहू नका.

तीन वर्षांच्या बी.ए.चा प्रश्न खरा आहे. काही विद्यापीठं ती पदवी घेतात, काही चार वर्षांचं शिक्षण मागतात. बी.ए.नंतर एम.ए. झालं असेल तर ही अडचण बहुधा सुटते. उत्तर लेखी मिळालं की ते ईमेल जपून ठेवा, कारण विभाग हो म्हणतो आणि विद्यापीठाचं मुख्य प्रवेश कार्यालय नाही म्हणतं, असं घडतं. अशा वेळी ते ईमेलच कामी येतं.

तपासा: एप्रिलअखेर पाच किंवा सहा नावं उरली पाहिजेत. प्रत्येक अर्जाचं शुल्क साधारण ५० ते १०० डॉलर असतं आणि प्रत्येक ठिकाणचा निबंध वेगळा लिहावा लागतो. दहा अर्ज केले की दहाही पातळ होतात.

## टप्पा २: कागद आणि नाव (एप्रिल ते जुलै)

आधी नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन भाग असतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या. विशारदच्या प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग निघतं. अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव लिहा, आणि 'पूर्वीचं नाव' असा रकाना असेल तर तो नक्की भरा. नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद स्कॅन करून तयार ठेवा.

मग ट्रान्स्क्रिप्ट. गुणपत्रिकेची झेरॉक्स म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट नव्हे. विद्यापीठाने सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र करून, शिक्का मारून दिलेला तो अधिकृत कागद असतो. २०१४ साली पुणे विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. तुमच्या जुन्या कागदांवर जुनं नाव असेल, तर अर्जाच्या यादीत नवीन नाव निवडा आणि 'अतिरिक्त माहिती'त एक ओळ लिहा की दोन्ही नावं एकाच विद्यापीठाची आहेत. स्वायत्त महाविद्यालयातून शिकलेल्यांनी आधी विचारावं, ट्रान्स्क्रिप्ट महाविद्यालय देतं की विद्यापीठ. जूनमध्ये निकाल आणि प्रवेशांची गर्दी सुरू होते, म्हणून अर्ज त्याआधी टाका.

टक्क्यांचं चारच्या पट्टीवरच्या जीपीएत रूपांतर स्वतः करू नका. ही चूक फार होते. आपल्याकडे ६२ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी, पण इंटरनेटवरच्या गणकयंत्रात घातले की ते भलतेच कमी दिसतात. मूळ गुण जसे आहेत तसे लिहा. मूल्यांकन हवं असेल तर विद्यापीठ स्वतः ते करतं किंवा वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून मागतं. मागितलं तरच त्यावर खर्च करा.

विशारदबद्दल. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा होतात, त्यामागे कित्येक वर्षांचं काम असतं. तरीही अर्जाच्या 'पदवी' या रकान्यात विशारद लिहू नका. तिथे विद्यापीठाचीच पदवी येते. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. अधिक विशारद असेल तर पदवी बी.कॉम. लिहा आणि रेझ्युमेत 'संगीत प्रमाणपत्रं' या शीर्षकाखाली विशारदची दोन ओळींत ओळख द्या: किती परीक्षा, प्रात्यक्षिक आणि लेखी दोन्ही, परीक्षक बाहेरचे. प्रमाणपत्र हिंदी किंवा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून किंवा अशाच विभागातून संगीत घेऊन पदवी झालेल्यांनी आणखी एक काम करावं. ट्रान्स्क्रिप्टवर 'प्रात्यक्षिक १', 'प्रात्यक्षिक २' एवढंच छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला त्यातून काही समजत नाही. अभ्यासक्रमपत्रिकेवरून एका पानावर लिहा: कोणत्या वर्षी किती राग, कोणते ताल, आठवड्याला किती तास, मंचप्रदर्शन होतं का.

## टप्पा ३: शिफारसपत्रं (जूनपासून)

बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. पुण्यातले अर्जदार तिन्ही पत्रं गाणं शिकवणाऱ्यांकडूनच घेतात, आणि तिथेच अर्ज एकसुरी होतो. तीन पत्रांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक पत्र तुम्हाला शिकवताना पाहिलेल्या माणसाचं हवं: शाळेच्या मुख्याध्यापिका, संगीत विभागप्रमुख, ज्यांच्या संस्थेत तुम्ही वर्ग घेता ते चालक. दुसरं तुमचं लेखन आणि अभ्यास पाहिलेल्या प्राध्यापकांचं. तिसरं गुरुजींचं किंवा बाईंचं.

गुरुजींच्या पत्रातच जास्त गुंतागुंत असते. पत्र लिहिणाऱ्याला विद्यापीठाकडून ईमेलवर लिंक जाते आणि पत्र त्यांनी स्वतः चढवायचं असतं. ज्येष्ठ गुरू ईमेल वापरत नाहीत, इंग्रजीत लिहीत नाहीत. मग शिष्य त्यांच्या नावाने नवीन ईमेल उघडतो, पत्रही स्वतःच लिहितो आणि चढवून टाकतो. हे करू नका. ही फसवणूक आहे आणि उघड झाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. गुरुजींचा नातेवाईक किंवा संस्थेचा कारकून त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच खात्यातून लिंक उघडून देऊ शकतो. पत्र मराठीत असेल तर विभागाला आधी विचारा की सही केलेलं मराठी पत्र आणि सोबत प्रमाणित भाषांतर चालेल का.

पत्र मागताना प्रत्येकाच्या हातात एक पान द्या. त्यावर अभ्यासक्रमाचं नाव, मुदत, तुम्ही त्यांच्याकडे कोणत्या वर्षी काय शिकलात किंवा शिकवलंत, आणि त्यांनी ज्याबद्दल लिहावं असं तुम्हाला वाटतं असे दोन प्रसंग. 'अत्यंत गुणी, मेहनती, नम्र' अशा शब्दांच्या पत्राचा फारसा उपयोग होत नाही. 'तिसरीच्या ३० मुलांच्या वर्गात हिने दोन महिन्यांत मुलांना सम ओळखायला शिकवली, ती अशी' या एका वाक्याला वजन असतं.

अर्जात एक प्रश्न येतो: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? 'हो' निवडा. 'नाही' निवडलं तर पत्र लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहिलं असेल का, अशी शंका वाचणाऱ्याला येऊ शकते.

तपासा: विनंती ऑगस्टअखेर पोचलेली असावी. गणपती, नवरात्र, दिवाळी या काळात ज्येष्ठ कलाकारांचे कार्यक्रम असतात आणि शाळा सुट्टीवर असतात. आठवण करून द्यायची ती मुदतीच्या तीन आठवडे आधी आणि मग एक आठवडा आधी, फोनवर.

## टप्पा ४: शिकवतानाचा व्हिडिओ (जून ते ऑगस्ट)

अर्जाचा कणा हाच आहे. किती मिनिटांचा हवा ते पानावर दिलेलं असतं. दहा ते वीस मिनिटं, बिनकापलेला, हे सर्रास मागितलं जातं. मागितला नसेल तरी मुलाखतीत शिकवण्याबद्दल विचारतातच, तेव्हा तयारी वाया जात नाही.

गट. नऊ ते अकरा वयाची आठ ते बारा मुलं पुरेत. क्लासमधली निवडक गोड गळ्याची चार मुलं घेऊ नका. चुकणारं मूल गटात असलं पाहिजे, कारण ते चुकल्यावर तुम्ही काय करता हेच पाहणाऱ्याला बघायचं असतं.

पाठ. भूपातलं एक सोपं सरगमगीत, तीनतालात, स्थायीची एकच ओळ. भूपाला एक खास कारण आहे. त्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, सा रे ग प ध हे पाचच स्वर, सगळे शुद्ध. तिकडच्या प्राथमिक शाळांत कोडाय आणि ऑर्फ पद्धतीच्या शिक्षणातही पाच स्वरांची अशीच रचना सुरुवातीला वापरतात. पाहणाऱ्याला राग अनोळखी असला तरी मूल काय गातंय ते कानाला लगेच समजतं. शिवाय मुलं ग वरून प वर जाताना हमखास मध्ये म लावतात. म्हणजे चूक कुठे होणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं आणि ती दुरुस्त करण्याची युक्ती योजून ठेवता येते.

पंधरा मिनिटांची विभागणी साधारण अशी करा. पहिली तीन मिनिटं तानपुऱ्यावर सा लावणं, सा आणि प आकारात, मग भूपाचा आरोह-अवरोह. पुढची पाच मिनिटं ओळ तोंडी शिकवणं, हातावर टाळी-खाली धरून, सोळा मात्रा पूर्ण. त्यानंतर चार मिनिटं गटागटाने आणि एकेकाकडून म्हणून घेणं. म लागला की लगेच 'चुकलं' म्हणू नका. ओळ दोनदा गाऊन दाखवा, एकदा म घेऊन, एकदा न घेता, आणि कोणती आपली ते मुलांना ओळखायला सांगा. मग फक्त ग–प, ग–प एवढंच हाताच्या खुणेने गाऊन घ्या आणि परत ओळीत आणा. शेवटची तीन मिनिटं तुम्ही गप्प. एक मूल ताल धरेल, बाकीची गातील.

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे शिक्षक अख्खा वेळ मुलांबरोबर गातो. क्लासमध्ये ती सवय चांगली, व्हिडिओत घातक. मुलांचा आवाज ऐकूच येत नाही, मग त्यांना काय आलं हे कळणार कसं? हार्मोनियमचंही तसंच. सुरुवातीला सूर द्या आणि हात काढून घ्या. 'छान', 'वा', 'परत' हे तीन शब्द पाठभर फिरत असतील तर तेही बदला. 'रेवर थांबलात, पुढचा ग जरा खाली आला' असं नेमकं बोला.

आवाज आणि जागा. आपल्या खोल्यांना फरशी असते, त्यामुळे आवाज घुमतो. जाड सतरंजी अंथरा, पडदे ओढा, पंखा बंद करा. मोबाइल आडवा धरून स्टँडवर, मुलांपासून दोन-अडीच मीटरवर, असा की तुमचा एक बाजूचा चेहरा आणि मुलांचे पूर्ण चेहरे दिसतील. तानपुऱ्याचं ॲप त्याच मोबाइलवर लावू नका. ते दुसऱ्या यंत्रावर, मुलांच्या मागे ठेवा. कॉलरचा माइक फक्त तुमच्याकडे असेल तर मुलं दबतात, त्यापेक्षा मोबाइलचा माइक बरा.

वेळ. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. पहिली चाचणी जूनअखेर, दुसरी जुलैत, अंतिम चित्रीकरण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी. गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. नदीकाठच्या भागात तो आवाज खिडक्या बंद करूनही येतो. तारीख हुकली तर अनंत चतुर्दशी ते दिवाळीची सुट्टी एवढीच फट उरते.

कागद. प्रत्येक पालकाची लेखी संमती, त्यात व्हिडिओ कोण पाहणार आणि नंतर काढून टाकला जाईल हे स्पष्ट. मुलांची आडनावं व्हिडिओत किंवा मजकुरात कुठेही नकोत. बोलणं मराठीतच राहू द्या आणि खाली इंग्रजी उपशीर्षकं द्या. इंग्रजीत शिकवण्याचा आव आणला की मुलं गोंधळतात आणि ते कॅमेऱ्यात दिसतं. सोबत एक पानाची पाठ-योजना: उद्दिष्ट, आधी काय येत होतं, पायऱ्या, अपेक्षित चूक, शेवटी कसं तपासलं.

सावधान: पाठ तालीम करून बसवू नका. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत मुलं उत्तर देतात आणि बिंग फुटतं. चाचणीसाठी एक ओळ आणि अंतिम चित्रीकरणासाठी दुसरी ओळ ठेवा.

## टप्पा ५: गायन-वादनाचं रेकॉर्डिंग (सप्टेंबर)

इथे दोन वेगळ्या प्रकृतीच्या रचना, मिळून दहा-बारा मिनिटं पुरतात. विलंबित ख्यालाच्या संथ आलापाने सुरुवात करू नका. ऐकणारा पहिल्या दोन-तीन मिनिटांत मत बनवू शकतो आणि तेवढ्यात तुमची सम एकदाही आलेली नसते. एका मिनिटाचा आलाप, मग मध्य किंवा द्रुत लयीतली बंदिश, बोल-ताना, थोडी तानक्रिया, हे सहा-सात मिनिटांत. दुसरी रचना तराणा, अभंग किंवा नाट्यपद.

प्रत्येक रचनेबरोबर चार ओळींची इंग्रजी टीप द्या: राग आणि त्याचे स्वर, ताल आणि मात्रा, काय ठरलेलं आहे, काय आयत्या वेळी सुचलेलं आहे. पाश्चात्त्य कानाला हा शेवटचा फरक सहज कळत नाही, आणि तुमचं खरं कौशल्य तर तिथेच असतं. स्थायीची ओळ स्टाफ नोटेशनमध्ये लिहून जोडली तर आणखी उत्तम.

प्रतिध्वनी घालू नका, सूर दुरुस्त करणारं तंत्र वापरू नका, मध्ये कापू नका. यूट्यूबवर 'प्रायव्हेट' ठेवलेला व्हिडिओ विद्यापीठाला उघडत नाही. 'अनलिस्टेड' ठेवा. गूगल ड्राइव्ह वापरत असाल तर 'लिंक असलेला कोणीही' ही परवानगी द्या आणि लिंक दुसऱ्याच कोणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा.

## टप्पा ६: निबंध आणि लेखननमुना (सप्टेंबर ते नोव्हेंबर)

शब्दमर्यादा दिली नसेल तर ८०० ते १००० शब्द. 'वयाच्या पाचव्या वर्षी आजीच्या मांडीवर' हे परिच्छेद गाळा. सुरुवात शिकवण्यातल्या एका अडचणीपासून करा, तुमच्या वर्गात खरोखर आलेल्या. उदाहरणार्थ: घरच्या क्लासमध्ये तीन मुलांना तोंडी परंपरेने सूर नीट बसतो, पण महापालिकेच्या शाळेत ४० मुलांना त्याच पद्धतीने शिकवलं की मागच्या बाकांवरची मुलं फक्त ओठ हलवतात. मग तुम्ही काय करून पाहिलंत, काय जमलं, काय जमलं नाही, आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही. तो प्रश्न हेच तुमचं त्या विभागात जाण्याचं कारण.

नंतर विभाग. तिथल्या एक-दोन प्राध्यापकांचे लेख खरोखर वाचा आणि तुमच्या प्रश्नाशी ते कुठे जुळतात ते लिहा. नुसती नावं घालू नका. कोडाय, ऑर्फ, डालक्रोझ, गॉर्डन ही शिकवण्याच्या पद्धतींची नावंही त्या पद्धती वर्गात वापरल्या असतील तरच लिहा. मुलाखतीत 'तुमच्या वर्गातलं उदाहरण द्या' म्हणतात, तेव्हा उसनं नाव गळ्याशी येतं. गुरुकुल पद्धत थोर आणि पाश्चात्त्य पद्धत यांत्रिक अशी तुलनाही टाळा. तुम्ही तिकडे शिकायला निघाला आहात.

शेवटचा परिच्छेद परत आल्यावर काय करणार याचा. तो मोघम ठेवू नका, कारण व्हिसाच्या मुलाखतीत हेच विचारतात आणि तिथे निबंधाशी विसंगत उत्तर नको.

लेखननमुना मागितला तर दहा-पंधरा पानांचा इंग्रजी निबंध, संदर्भांसह. एम.ए.चा प्रबंध मराठीत असेल तर त्यातलं एक प्रकरण इंग्रजीत नव्याने लिहा. शब्दशः भाषांतर वाचवत नाही.

## टप्पा ७: इंग्रजीची परीक्षा आणि अर्ज पाठवणं (ऑक्टोबर, नोव्हेंबर)

टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण दोन वर्षं चालतात. ऑक्टोबरच्या आत परीक्षा द्या. असिस्टंटशिप हवी असेल तर बोलण्याच्या विभागाला वेगळी आणि जास्त अट असू शकते, ती पाहा. जीआरई, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा, अनेक संगीत विभाग मागत नाहीत.

दोन अर्ज असू शकतात: एक विद्यापीठाचा, दुसरा संगीत विभागाचा, वेगळ्या संकेतस्थळावर. एकच भरून थांबलेले लोक दरवर्षी निघतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या. मुदतीची वेळ तिकडच्या घड्याळाप्रमाणे असते, पण तिच्यावर विसंबू नका, चार दिवस आधी पाठवा. नंतर दर आठवड्याला पोर्टल उघडून ट्रान्स्क्रिप्ट आणि पत्रं पोचली का ते पाहा.

## टप्पा ८: मुलाखत, पैसे, निर्णय (जानेवारी ते एप्रिल)

मुलाखत व्हिडिओवर होते, आपल्याकडे रात्री. 'न गाणाऱ्या मुलाला कसं शिकवाल', 'तुमच्या व्हिडिओतला तो क्षण आता वेगळा कसा हाताळाल' असे प्रश्न येतात. दुसऱ्या प्रश्नासाठी स्वतःचा व्हिडिओ आदल्या दिवशी परत बघा.

असिस्टंटशिपमध्ये शुल्कमाफी पूर्ण की अर्धी, विद्यावेतन किती महिने, विमा आणि इतर शुल्क कोण भरणार, हे लेखी घ्या. सत्र चालू असताना एफ-वनवर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. अर्थसाहाय्यासह देकार आला आणि तीन दिवसांत उत्तर मागितलं तर ते विद्यापीठ १५ एप्रिलच्या ठरावावर (त्या तारखेआधी उत्तराची सक्ती करायची नाही, असं विद्यापीठांनी आपसांत ठरवलेलं आहे) सही केलेलं आहे का ते पाहा. असेल तर त्या तारखेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो.

कर्ज घेण्याआधी दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा. पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी पुढची २४ महिन्यांची वाढ संगीतशिक्षणाला नाही. आणि परवाना न देणाऱ्या अभ्यासक्रमातून तिथल्या सरकारी शाळेत शिकवता येत नाही. परत आल्यावर शाळेतल्या नोकरीला ही पदवी बी.एड.च्या जागी चालेल असं धरू नका. महाविद्यालयासाठी समकक्षता आणि संगीत विषयातली नेट परीक्षा यांचा हिशेब वेगळा.

## टप्पा ९: आय-ट्वेंटी, व्हिसा आणि निघण्याआधी (मे ते ऑगस्ट)

आय-ट्वेंटी म्हणजे विद्यापीठ देतं ते व्हिसासाठीचं प्रवेशपत्र. त्यासाठी किमान पहिल्या वर्षाचा खर्च दाखवावा लागतो, आणि तो लगेच काढता येईल अशा पैशात: बचत खातं, मुदत ठेव, बँकेचं कर्जमंजुरीपत्र. शेतजमीन, फ्लॅट आणि सोनं यांचं मूल्यांकन सहसा उपयोगी पडत नाही.

आय-ट्वेंटी आली की ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग मुलाखतीची तारीख. पुणेकरांना मुलाखतीसाठी मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत जावं लागतं. बोटांचे ठसे त्याआधी वेगळ्या केंद्रात होतात, म्हणून मुंबईचे दोन दिवस धरा. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, तिकीट तसं काढा.

जून-जुलैत एक काम उरतं आणि ते बहुतेकांच्या ध्यानात नसतं. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात अनेक विभाग संगीतशास्त्र आणि पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासाची चाचणी घेतात. त्यात कमी पडलात तर पदवीत न मोजले जाणारे जादा विषय घ्यावे लागू शकतात, म्हणजे वेळही जातो आणि पैसेही. स्टाफ नोटेशन, दोन्ही क्लेफ, स्वरांतरं, मेजर-मायनर स्केल, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आणि त्यांचे रोमन अंक, चार आवाजांतली साधी हार्मनी एवढं बसलेलं हवं. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संगीत-परीक्षा संस्थांच्या पाचव्या श्रेणीच्या थिअरीपासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका, चार आवाजांची हार्मनी त्यापुढची आहे.

आपल्या सरगमची सवय इथे मदत करते आणि फसवतेही. आपला सा सरकता, तिकडे सरकत्या 'डो'ची पद्धतही आहे, त्यामुळे मेजरमध्ये सगळं ओळखीचं वाटतं. मायनरमध्ये मात्र काही ठिकाणी आधारस्वराला 'डो' न म्हणता 'ला' म्हणतात, आणि कान सा शोधत भलतीकडे जातो. तुमच्या विभागात कोणती पद्धत चालते ते ईमेल करून विचारा आणि रोज वीस मिनिटं त्याच अक्षरांत गाऊन बघा.